सळई थंड आहे

हॉपर पुन्हा अडला, तेव्हा मुकादमाने नुकता चहाचा कप तोंडाला लावला होता. कप तसाच कठड्यावर ठेवून तो उठला. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. या वयात गुडघ्यांचं ऐकत बसलं तर माणसाने अंथरुणातून उठूच नये.

कापड रंगवायचा कारखाना होता तो. रंगाच्या टाक्यांना वाफ लागायची, वाफेला बॉयलर लागायचा आणि बॉयलरच्या पोटात घालायला लागायचा कचरा. मुकादमासमोर मात्र कचरा हा शब्द कोणी काढायचा नाही, तो खवळायचा. शेतात आणि लाकडाच्या वखारीत जे जे कोणाला नको असतं, ते सगळं ट्रक भरभरून यार्डात यायचं: भुसा, ढलप्या, तूस, काड. ते उतरवायचं, रचायचं, कोरडं ठेवायचं आणि हॉपरमधून, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्यातून, पट्ट्यावर सोडायचं, एवढंच मुकादमाचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण या मालाचे नखरे ज्याने काढलेत त्यालाच ठाऊक. तूस उभं राहायचं नाव घेत नाही. जेवढं वर टाकाल तेवढं पायाशी पसरतं. काडाचा ट्रक घराएवढा उंच दिसतो आणि काट्यावर चढवला की वजन भरत नाही. ढलप्या एकमेकींत तंगड्या अडकवून बसतात, फावडं घुसवू देत नाहीत. आणि भुसा जरा ओला असला, की हॉपरच्या गळ्याशी येऊन छत धरतो. खालचा माल पट्ट्यावरून निघून जातो, वरचा तसाच अधांतरी लटकून राहतो, पट्टा रिकामा धावतो आणि तिकडे बॉयलरवाला बोंबलायला लागतो.

आज सकाळपासून तो बोंबलतच होता. मुकादमाने लाकडी हातोडा उचलून हॉपरच्या पत्र्यावर दणके घातले. आत काहीतरी धप्पकन पडलं आणि पट्ट्यावर भुशाची ढेकळं दिसायला लागली.

"काका, माल ओला आहे," लोडरवाला आपल्या गाडीच्या खिडकीतून ओरडला. "कुंपणाकडचा ढीग. उतरवताना मी म्हणालो होतो की नाही?"

"तुला कुठून कळलं रे? चाखून बघितलास?"

मुकादम पट्ट्यापाशी गेला, मूठभर भुसा उचलून दाबला आणि मूठ उघडली. ओल्या भुशाचा तळहातावर गोळा होतो. हा गोळा मोडून पडला. "बघ. सुटतोय की नाही?"

भुशात रंध्याची जाड सालपटं मिसळलेली होती, म्हणून तो सुटला. राहता राहिली ओल. ती सांगायचं काम तळहाताच्या कातडीचं होतं आणि कातडीने काहीच सांगितलं नाही. मुकादमाने तिला विचारलंही नाही. लोडरवाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा भुशाकडे पाहिलं आणि काच वर केली. मुकादमाच्या हातापुढे बोलायची यार्डात कोणाची टाप नव्हती.

त्या हाताचं प्रस्थच तसं होतं. कारखान्यात मुकादमाला पाठीमागे सगळे पारा म्हणायचे, तोंडावर काका. भुशाचा ढीग वरून कितीही गरीब दिसला तरी ओल राहिली की आतल्या आत तापतो, आणि तापत तापत एक दिवस पेटतो. म्हणून प्रत्येक ढिगात एक लांब लोखंडी सळई पार मध्यापर्यंत खुपसलेली असायची. पाळी बदलताना जाणाऱ्याने ती बाहेर ओढायची, टोकाकडून उघड्या मुठीत धरायची आणि एक श्वास भरून सावकाश सोडायचा. श्वास संपेपर्यंत धरवली तर म्हणायचं, सळई थंड आहे. मधेच सोडावी लागली तर कोमट, म्हणजे ढीग उलटायला घ्यायचा. धरवलीच नाही तर हातातली सगळी कामं टाकून पाण्याचा पाइप गाठायचा. मग येणाऱ्यानेही ती धरून बघायची आणि दोघांचं जमलं की पाळी बदलली. यार्डात कोणी 'सळई दिली' म्हणाला, की तो घरी निघाला असं समजायचं.

मुकादम मात्र नुसतं थंड आणि कोमट यावर थांबायचा नाही. ढीग उद्या उलटावा लागेल की परवापर्यंत दम धरेल, हेही तो सळई धरून सांगायचा. बॉयलरचं खातं बघायला नव्या मॅडम आल्या, त्यांनी ढिगात खुपसायचं एक लांब दांड्याचं यंत्र आणलं, वर आकडे दाखवणारं. तेव्हा मुकादमाने सगळ्या यार्डासमोर विचारलं होतं, "मॅडम, याला पगार किती? आणि रविवारी सुट्टी घेतं का हे?" लोक पोट धरून हसले. मॅडम लाल झाल्या, पण बाई खमकी, म्हणाली लावू पैज. प्रत्येक ढिगाशी आधी मुकादमाने सांगायचं, मग यंत्राने. दोघांचं जमलं. मॅडमनी हात जोडले, यंत्र त्यांच्या ऑफिसबाहेरच्या खुंटीवर गेलं आणि मुकादम त्या दिवशी घरी गेला तो जमिनीपासून वीतभर वर चालत.

त्यालाही काही वर्षं झाली होती. मधल्या काळात साखरेच्या दुखण्याने मुकादमाचे पाय बधिर केले होते. घरात चालताना चप्पल निघून मागे राहिली तरी त्याला पत्ता नसायचा. हाताचं म्हणाल, तर शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा आणि खिशातली किल्ली बोटांना सापडायची नाही. मुंग्या येतात, वय झालं, असं तो म्हणायचा. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत. निवृत्ती जवळ आली होती, तेवढे दिवस ढकलायचे होते, आणि पारा म्हणूनच यार्डातून बाहेर पडायचं होतं.

दुपारची पाळी लंबूची. चाळिशीला टेकलेला, ताडमाड, खांदे पाडून चालणारा माणूस. मुकादमाच्या हाताखालीच तो तयार झाला होता. हल्ली तो वेळेच्या बराच आधी यायचा आणि डोळे कायम तारवटलेले. संसाराचं ओझं पडलं की माणूस सुधारतो, असा मुकादमाने त्याचा अर्थ लावला होता.

आजही लंबू आधीच येऊन उभा होता. दोघे एकेक ढीग करत कुंपणापाशी आले. मुकादमाने भुशातली सळई ओढली, टोकाकडून मूठ आवळली, छाती भरून श्वास घेतला आणि अगदी आरामात सोडला. सळईच्या टोकाला तपकिरी पूड चिकटली होती, आंबूस वासही येत असणार. पण मुकादमाचं नाक भुशाने केव्हाच बंद केलं होतं.

"सळई थंड आहे," तो म्हणाला.

लंबूने सळईकडे पाहिलं, मग मुकादमाच्या हाताकडे. "बरं काका," तो म्हणाला. त्याने सळई मुठीत धरून पाहिली नाही, नुसती उलट्या टोकाने उचलून परत ढिगात सारली. मुकादमाच्या मागून सळई धरणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं यार्डात सगळेच मानायचे.

"सळई दिली," म्हणत मुकादम फाटकाकडे निघाला. बससाठी बराच वेळ ताटकळावं लागलं. घरचा जिना चढताना तो मधे दोनदा थांबला, शेजाऱ्याच्या दारावरची पाटी वाचतोय असं दाखवत.

बायकोने न्हाणीघरात दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या, एक गरम, एक गार. पाणी मात्र तो स्वतः मिसळायचा. हात बुडवून, ढवळून, अंदाज घेऊन. "पाणी बघावं तर आम्ही," तो रोज आतून ओरडायचा. "इतक्या वर्षांत एकदा चटका नाही की एकदा हुडहुडी नाही." बाहेरून बायको रोज म्हणायची, "हो बाबा, तुमचा हात." आजही तसंच झालं.

अंग पुसून तो जेवायला बसला आणि ताटासाठी त्याने हात पुढे केला. बायको ताट धरून तशीच उभी राहिली.

"हे काय?"

"काय?"

"हाताला काय झालंय? भाजलंय की!"

त्याने तळहात उलटून पाहिला. करंगळीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत एक लाल पट्टा उमटला होता, मधे कातडी फुगून पाणी धरलेली. त्याने बोट लावून बघितलं. काही नाही. दुसऱ्या कोणाच्या हाताला लावावं तसं.

"कशावर ठेवलात हात?"

"कुठेतरी लागलं असेल," तो म्हणाला. पण म्हणता म्हणताच त्याला पट्ट्याची जाडी ओळखू आली. ती अंगठ्याएवढी होती, आणि अंगठ्याएवढी जाड वस्तू आज दिवसभरात त्याने एकच धरली होती. सळई नुसती कोमट नव्हती, भाजण्याइतकी तापली होती. ती त्याने आख्खा श्वासभर धरली होती आणि थंड म्हणून लंबूच्या हवाली करून घरी येऊन जेवायला बसला होता.

"ढीग," तो म्हणाला. "ढीग पेटणार."

बायकोने ताट खाली ठेवलं. तिने फार प्रश्न विचारले नाहीत, ते तिच्या स्वभावात नव्हतं. "फोन करा," ती म्हणाली.

त्याने लंबूला लावला. घंटी वाजत राहिली. यार्डात भुशाची धूळ उडते, म्हणून पाळीवरच्यांचे फोन कपाटात ठेवायचा नियम होता. तो नियम मुकादमानेच कडक केला होता.

"मग बाईंना लावा."

मॅडमचं नाव पडद्यावर आलं. मुकादम त्या नावाकडे बघत बसला. लंबूला काहीही थाप मारता आली असती: अरे, उगाच एकदा बघ, मला चुकचुकल्यासारखं होतंय. मॅडमना काय सांगणार? थंड म्हणालो पण गरम आहे? कसं कळलं? हात भाजलाय. मग धरलीत तेव्हा नाही कळलं? त्या प्रश्नाच्या पुढे यार्ड संपत होतं. त्याने फोन खिशात टाकला आणि चप्पल पायात सरकवली.

"जाऊन येतो. मीच उघडतो ढीग."

"आणि तुम्ही पोचेपर्यंत पेटला तर? लंबू तिथेच आहे ना? त्याचा जीव नाही का?"

"पोचतो गं मी," तो तिच्यावर खेकसला आणि जिना उतरला. खेकसल्याचं त्याला खालच्या पायरीवरच वाईट वाटलं, पण परत वर चढण्याचं बळ नव्हतं.

परतीची बस मिळाली, पण नुसता जीव खायला मिळाली. कामावरून सुटलेल्यांची गर्दी, पुढे गाड्यांची रांग. वरच्या दांडीला धरून उभा असताना आपला हात दांडीवर आहे की नाही हे मुकादम डोळ्यांनी बघून खात्री करत होता. हे तो आजच करत नव्हता. कितीतरी महिने करत होता आणि आज पहिल्यांदा आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं. लंबू आत्ता कुठे असेल? ढीग उपसताना लोक वर चढतात. वरून सगळं साळसूद, आतून जळून पोकळ. पाय ठेवला की माणूस कमरेपर्यंत निखाऱ्यात. मुकादमाने हे एकदा पाहिलं होतं, दुसऱ्या यार्डात, तरुणपणी. त्या माणसाचा आवाज त्याला अजून आठवत होता.

बस जागची हलत नव्हती. त्याने फोन काढला आणि डोळे मिटून नाव दाबलं.

"हॅलो, बोला काका," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, कुंपणाकडचा भुशाचा ढीग उघडायला सांगा. वर कोणाला चढू देऊ नका. बाजूने उघडा, पाइप लावून."

"का हो? तुम्हीच थंड म्हणालात ना?"

"म्हणालो. पण नसेल."

"काय? आवाज येत नाहीये."

"नसेल थंड!"

पलीकडे त्या हसल्या. "काय काका, तुमचा हात कधी चुकलाय का?"

मागच्या गाड्यांचे भोंगे वाजत होते, इंजिन घरघरत होतं. मुकादमाने तोंडाला हाताचा आडोसा केला आणि जीव खाऊन ओरडला, "मॅडम, माझ्या हाताला कळत नाही! गरम, गार, ओलं, कोरडं, काही कळत नाही!"

नेमकं त्याच क्षणी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं. आख्ख्या बसला ऐकू गेलं. माना वळल्या. समोरच्या बाकावरची एक कॉलेजची मुलगी चटकन उठली आणि म्हणाली, "बसा ना आजोबा."

आजोबा! दुसऱ्या कोणत्या दिवशी त्याने तिला दोन शब्द सुनावले असते. आज तो मुकाट बसला.

फोनवर मॅडमचा आवाज आला, हसू सोडून दिलेला. "मी खाली यार्डात जाते. तुम्ही या."

कारखान्याच्या आधीच्या वळणावर त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. चिमणीचा नेहमीचा धूर होता. कुंपणाच्या बाजूला पांढरं काहीतरी वर जात होतं, सावकाश, रुंद. काळं नव्हतं. वाफ होती. मुकादमाने सोडलेला श्वास इतका मोठा होता की शेजारचा माणूस त्याच्याकडे बघायला लागला.

ढीग बाजूने कापून निम्मा पसरलेला होता. आतला भुसा तपकिरी, मध्यावर तर कोळशासारखा काळा, आणि वास असा की मुकादमाच्या बंद नाकालाही कळला. लोडरवाला बादलीभर माल उपसून पसरत होता, लंबू त्यावर पाइप धरून होता. दोघे चिखलाने माखलेले. मॅडम बाजूला उभ्या होत्या. मुकादम जवळ गेला, पण त्याच्याकडे कोणी वळलं नाही. त्यांचं आधीच काहीतरी सुरू होतं.

"मला एवढंच सांगा," मॅडम लंबूला विचारत होत्या, "मी पळत आले तर ढीग आधीच अर्धा उघडलेला. काकांचा फोन मला आत्ता आला. मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

लंबूने पाण्याची धार ढिगाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर वळवली.

"आणि माझ्या ऑफिसबाहेरची खुंटी रिकामी कशी?"

लंबूने पाइप ढिगाकडे तोंड करून खाली ठेवला. ढिगामागे गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात मॅडमचं यंत्र होतं, दांड्याला भुसा चिकटलेलं. त्याने ते त्यांच्यापुढे धरलं. "माझ्या कपाटात असतं हे," तो म्हणाला. "खुंटीवर फक्त साहेब लोक येतात त्या दिवशी ठेवतो."

मॅडमनी यंत्राकडे पाहिलं, मग मुकादमाकडे. "मी आग विझवणाऱ्यांना कळवून येते, नुसतं सावध असावं म्हणून," असं म्हणून त्या ऑफिसकडे गेल्या.

"फोन कशाला केलात काका?" लंबू म्हणाला.

मुकादमाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"तुम्ही फाटकाबाहेर पडलात तेव्हाच मी हे खुपसलं. तुमची बस यायच्या आत आम्ही पाइप लावला होता. संध्याकाळपर्यंत सगळं निपटलं असतं. तुम्हाला कळलं नसतं, मॅडमना कळलं नसतं." त्याने यंत्राच्या दांड्यावरचा भुसा झटकला. "मूग गिळून गप्प बसला असतात, तर उद्याही तुम्हीच मुकादम होतात."

"कधीपासून करतोयस हे?"

"थंडीपासून. तुम्ही थंड म्हणालात ती सळई परत सारताना मला कोमट लागली. एकदा वाटलं चुकलं असेल. मग पुन्हा तेच." लंबूने बाहीने तोंड पुसलं, तोंडावर काळा फराटा उठला. "तेव्हापासून रोज लवकर येतो. तुम्ही गेलात की सगळे ढीग तपासायचे. तापलेला असला की उलटायचा. आणि उलटून झाला की पुन्हा जसाच्या तसा रचायचा, सळई त्याच भोकात, म्हणजे सकाळी आल्यावर तुम्हाला शंका नको. एकच काम दोनदा, काका. दोनदा. घरी बायको विचारते, लग्न माझ्याशी केलंत की त्या भुशाशी?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला?" लंबूचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मुकादमावर तो पहिल्यांदाच चढला होता. "मॅडमनी यंत्र आणलं तेव्हा काय केलंत तुम्ही? चारचौघांत त्यांचा पार पोपट केलात. मी सांगितलं असतं तर माझं काय केलं असतंत? आणि समजा ऐकलं असतंत, तर मग काय? मला सळई धरायला तुम्ही शिकवलंत. तुमच्या हातातून मी ती काढून घेऊ?"

लोडरवाल्याने गाडी बंद केली होती. तो मुद्दाम चाकांकडे बघत होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं. म्हणजे रात्रपाळीलाही. आख्खं यार्ड एका म्हाताऱ्याचा हात सांभाळत दुप्पट राबत होतं आणि म्हातारा मिशीला पीळ देत हिंडत होता. मुकादमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला, लाज वाटली, आणि या दोन्हींच्या खाली, कधीपासून साचलेला, नुसता थकवा होता. तो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला.

"दमला असशील रे," तो म्हणाला.

लंबूचा चढलेला आवाज एकदम बसला. "खूप दमलोय, काका," तो म्हणाला आणि शेजारी, ओल्या जमिनीवरच टेकला. "बरं झालं केलात फोन. खरं सांगतो. बरं झालं."

मॅडम परत आल्या तेव्हा दोघे तसेच बसले होते. त्यांनी मुकादमाचा तळहात उलटा करून पाहिला, तोंडाने च्च केलं आणि लोडरवाल्याला प्रथमोपचाराची पेटी आणायला पाठवलं. पट्टी त्यांनी स्वतःच बांधली, नीट जमली नाही, तरी बांधली. मग म्हणाल्या, "काका, उद्या यार्डात येऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांचं काय म्हणणं आहे ते कळू दे. मग बघू."

"मग बघू" म्हणजे काय हे नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाने मान हलवली.

"यंत्राबद्दल तेव्हा बोललो ते..." त्याने सुरुवात केली.

"जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा तुमचा हात बरोबरच होता. यंत्र खुंटीवर टांगून मी विसरले, ती चूक माझी. दोन्ही ठेवायला हवं होतं." त्यांचाही चेहरा उतरला होता. "लंबू, तुमच्याशी उद्या बोलते. आज नको, आज माझ्यात बळ नाही."

निघताना मुकादमाने चिखलात पडलेली सळई उचलली, पट्टी बांधलेल्या नव्हे, दुसऱ्या हाताने. ती गरम असेल की गार, कोणास ठाऊक. त्याने ती लंबूपुढे धरली. लंबू उठून उभा राहिला, त्याने टोकाकडून मूठ आवळली, श्वास घेतला आणि अर्ध्यावरच हात काढला.

"कोमट आहे, काका. अजून."

"असेल," मुकादम म्हणाला. "सळई दिली."

घरी पोचायला दिवेलागण झाली. बायको जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. त्याचा चिखल, त्याची पट्टी आणि त्याचा चेहरा बघून तिने एवढंच विचारलं, "लंबू बरा आहे ना?" तो हो म्हणाला. मग तिने पुन्हा पाणी तापवलं. न्हाणीघरात दोन बादल्या ठेवल्या, एक गरम, एक गार, आणि ती बाहेर जायला वळली.

मुकादम पाटावर बसला होता. पट्टीचा हात मांडीवर होता, दुसरा पाण्यावर आला आणि तिथेच थांबला. पाण्यातून वाफ येत होती की नाही, त्या पिवळ्या उजेडात त्याला दिसेना.

"अगं," त्याने हाक मारली. "पाणी तू बघ."

ती दारात उभी राहिली. मग आत आली, खाली बसली, पदर खोचला आणि गरम बादलीत कोपरापर्यंत हात घातला. गार पाणी तिने घेतलं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "घ्या."

"गार नाही मिसळलंस?"

"मिसळलेलंच आहे. गरम बादलीत कडक पाणी घालणं मी केव्हाच बंद केलंय." तिने तांब्या भरून त्याच्या पाठीवर ओतला. "तुम्ही रोज मिसळता ना, ते गारात कोमट मिसळता."